मी यांचा हात का धरला नाही

हे गेले तेव्हा मी शेजारीच बसले होते, आणि यांचा हात मी धरला नाही.

आयसीयूच्या काचेतून घरच्या चार जणांनी ते पाहिलं. आज तेरावा. आत्तापर्यंत ग्वाल्हेरच्या अख्ख्या जयेंद्रगंजात बोलून झालं असेल, म्हातारी किती कठोर म्हणून.

म्हणून सांगते.

मला अक्षर येत नाही. मी बोलतेय, नात मनवा मोबाइलवर टाइप करतेय. तिला बजावलंय, खाली हात जोडलेले आणि फुलं-बिलं चिकटवायची नाहीत. आजोबा गेलेत तुझे, गुड मॉर्निंगचा मेसेज नाही हा.

तर.

इथली रियासत मोडून मध्यभारत झालं होतं. माझे वडील फौजेत, तीही मोडली. वडील मुरारच्या छावणीतून ट्रंक घेऊन घरी आले आणि म्हणाले, "आता पोरीचं उरकून टाकू."

सोळाव्या वर्षी माझं उरकलं.

हे कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट. साहेब विलायतेहून शिकून आलेले. काम काय, तर जाग्या उंदरांच्या मेंदूतली वीज ऐकायची.

"उंदराला मेंदू असतो?" मी विचारलं.

"असतो. तुझ्यापेक्षा कमी बडबडतो."

पांढरे उंदीर होते. आधी भूल देऊन डोक्यात केसाएवढी तार बसवायची. जखम भरली, उंदीर नीट हिंडायला लागला, की तार यंत्राला जोडायची. आतली पेशी बोलली की स्पीकरमध्ये तड. खूप बोलली की मोहरीसारखी तडतड.

पण उंदीर धडपडला की नुसती खरखर. आणि यांचा हात कापायचा. जन्मापासूनच.

साहेब म्हणाले, "घर से किसी को लाओ, जिसका हाथ ठहरा हुआ हो."

घरी मीच होते.

रोज तोच हात. हाताला साबण लावायचा नाही. बांगड्या त्याच. संक्रांतीला आईनं हौसेनं नव्या भरल्या, तर दोन दिवस एकही उंदीर हातात ठरेना. साहेबांनी झापलं यांना, आणि यांनी घरी येऊन माझ्या जुन्या बांगड्या शोधल्या.

महिन्याभरात उंदीर माझ्या ओंजळीत निवांत बसायला लागले. भिजवलेला चणा खायचे.

मी दारात आले, बांगड्या वाजल्या, की स्पीकर तडतडायचा. मी अजून दिसलेलीही नसायचे.

"मला ओळखतो," मी म्हटलं.

"ओळखतो."

"खूश होतो ना?"

यांनी तार नीट केली. "पेशी जागी झाली, एवढंच तार सांगते. खुशीनं की भीतीनं, ते नाही सांगत."

मग मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला. ऑफिसं हलली, फायली हलल्या, रोज कुणाचं तरी नाव बदलीच्या यादीत. गल्लीत पोस्टमन दिसला की बायका बोलायच्या थांबत.

एक दिवस साहेबांचं नाव आलं. लॅब बंद. उंदीर नेता येणार नव्हते.

सकाळी हे म्हणाले, "आज चल. तुझ्या हातात शांत राहतील."

टेबलावर काचेची बरणी होती, आत क्लोरोफॉर्मचा बोळा. मला कळलं तोवर पहिला उंदीर माझ्या ओंजळीत होता.

अकरा होते.

एकही चावला नाही.

शेवटच्याची तार यंत्राला जोडलेलीच राहिली होती. मी त्याच्याकडे वळले, बांगड्या वाजल्या, आणि स्पीकर तडतडला.

चणा मिळायचा तेव्हा तडतडायचा, तसाच.

यांनी स्पीकर बंद केला.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. म्हणाले, "मी जाईन ना, तेव्हा माझा हात धरू नकोस."

मी म्हटलं, "घाई नाही. अजून चुलीवर भात आहे."

आम्ही ग्वाल्हेरलाच राहिलो. यांना दुसरी नोकरी मिळाली. पण ते बोलणं यांनी कधी मागे घेतलं नाही. कोण कधी जाईल काय सांगावं, म्हणून नई सडक ओलांडतानाही मी हात सोडून यांच्या शर्टाची बाही धरायचे. लोकांना वाटायचं, दक्षिणी बाई, लाजते; मराठी माणसाला इथं दक्षिणीच म्हणतात.

जवळजवळ सत्तर वर्षं बाही धरली.

त्या दिवशी आयसीयूत शिरले. यांच्या छातीला वायरी. माझ्या बांगड्या वाजल्या आणि पडद्यावरचा आकडा उडाला.

सिस्टर हसली. "देखो अम्मा, आप आईं तो बाबूजी की धड़कन बढ़ गई. कितने खुश हैं."

मी यांच्याकडे पाहिलं.

यांचे डोळे उघडे होते. माझ्या हाताकडे बघत होते.

धरावासा वाटला नाही, असं कुणी समजू नका. इतका कधीच वाटला नव्हता. पण मी दोन्ही हात पदरात गुंडाळले, बांगड्या वाजू नयेत म्हणून, आणि खुर्चीवर बसले.

म्हटलं, "घाबरू नका. आज चणे नाही आणले."

ओठ हलले यांचे. हसले असतील.

नसतीलही. ते यंत्र सांगत नाही.

थोड्या वेळानं पडद्यावर रेघ सरळ झाली. सिस्टरनं वायरी काढल्या, काचेपलीकडची माणसं रडायला लागली.

मग मी हात धरला.

गार होता. आणि पहिल्यांदाच कापत नव्हता.

बांगड्या वाजल्या. कुठं काही तडतडलं नाही.

अहो, या आता निवांत. तुम्ही सांगितलं तसंच मी वागले, एवढं ध्यानात ठेवा.