ओल्या फडक्यातला फोन

सलीमचाचा उन्हाळ्यात आपला फोन ओल्या फडक्यात गुंडाळून फिरायचे. कंधारात जन्मभर लग्नांचं शूटिंग केलेला माणूस. मोठा कॅमेरा विकून ते फोनवर सिनेमा काढू लागले, तेव्हा लोक हसले. "फोन तर माझ्या पोरीकडं बी हाय," कुणी म्हणालं की चाचा विचारायचे, "पेन बी असंल की. लिव्हली का कादंबरी?"

मी लातूरहून त्यांच्याकडे एडिटिंग शिकायला जायचे. इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. चाचांनी त्यावरून कधी टोकलं नाही.

शेवटचा सीन किल्ल्यात होता. घर सोडणारी आई लेकीचा निरोप घेते. लेकीच्या जागी कॅमेरा. आई झालेल्या सुनंदामावशी जळकोटकडच्या, शेतात राबणाऱ्या. घरून परवानगी त्याच दिवसाची, दुपारी बारापर्यंतची. त्यांचे दीर मोटारसायकलजवळ ताटकळत होते. "वहिनी, आटपा. उद्या कुणी पाठवनार न्हाई."

साडेअकराला चाचांचा फोन तापून बंद पडला. फडकं केव्हाच वाळलं होतं.

"मी सकाळधरनं उन्हात हाय," मावशी म्हणाल्या, "मी न्हाई बंद पडले."

चाचा माझ्याकडे वळले. "बेटा, तुझा फोन दे."

माझा फोन मी आईच्याही हातात देत नाही. जे बोलत नाही, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. मी तो घट्ट धरून उभी राहिले. दिरांनी गाडीला किक मारली.

चाचा एक पाऊल मागे सरले. "मला नको देऊ. तूच धर. मी हात बी न्हाई लावत."

मी कधीच शॉट घेतला नव्हता.

"कोपरं अंगाला चिकटव. अन् तिच्याकडंच बघ."

मावशी थेट माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "माझी वाट बघत उपाशी बसू नको. जेवून घेत जा." एकच टेक मिळाला. मग त्या गाडीवर बसून निघून गेल्या.

एडिट करताना त्या शॉटमध्ये माझा अडखळता श्वास ऐकू आला. मी शरमले. "काढते, चाचा."

"कशाला? लेक तूच होतीस की. राहू दे."

चाचा वारल्यावर लातूरच्या एका हॉलमध्ये तो सिनेमा दाखवला. शेजारच्या अनोळखी बाई कुजबुजल्या, "पोरगी रडायली वाटतं. दिसना कुठं."

"मीच ती," मी म्हणाले.