वाण परत करत नाहीत

आमच्या पंचवटीतल्या वाचनालयात वरच्या मजल्यावर महिला विभाग आहे. विभाग म्हणजे काय हो, एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल आणि एक पंखा. बटण दाबलं की तो पंखा आधी जरा विचार करतो, मग फिरतो. तिथे आम्ही चार-पाच म्हाताऱ्या नेमाने जातो, फाटकी पुस्तकं चिकटवतो, कव्हरं घालतो, धूळ झटकतो. पगार नाही, चहा मिळतो. वाचनालयातले लोक आम्हाला मदतनीस मंडळ म्हणतात. घरचे म्हणतात, ‘यांचं काहीतरी चालू असतं.’ माझी शाळा सातवीतच सुटली, पुढचं जे काय शिकले ते याच टेबलाशी बसून. त्यामुळे त्या खोलीवर माझा भारी जीव.

तर यंदा संक्रांतीच्या आधी काय झालं, वाचनालयाचा कारभार बघणारे कार्यवाह जिना चढून वर आले. ते वर आले म्हणजे काहीतरी वाईट सांगायचं असतं, एरवी खालूनच हाका मारतात.

“वहिनी, या खोलीत तुमच्याशिवाय कोणी येत नाही,” ते म्हणाले. “रथसप्तमीच्या सुमाराला तपासणीचे साहेब येणार आहेत. त्यांना खोली वापरात दिसली नाही, तर कमिटी ती बंद करणार. इथे कॅरम ठेवायचं ठरतंय.”

“कॅरम? कोणासाठी?”

“ज्येष्ठांसाठी.”

“मग आम्ही काय बालवाडीत आहोत?”

ते हसले नाहीत, म्हणजे गोष्ट खरी होती.

आमच्या मंडळात एक ताई आहेत, सिन्नरला मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण अजून त्यांनी नुसतं बघितलं तरी मी पदर नीट करते. त्या म्हणाल्या, “बायका पुस्तकाला येत नसतील, हळदीकुंकवाला तर येतील? संक्रांतीचं हळदीकुंकू इथेच करू. आणि वाण म्हणून चाळण्या नि प्लास्टिकचे डबे कशाला? पुस्तकच देऊ. पंधरा दिवसांनी परत आणतील, दुसरं नेतील.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंनी व्हॉट्सॲपवर झकास शुद्ध मराठीत निमंत्रण लिहिलं, ‘यंदा ज्ञानाचे वाण लुटणार आहोत.’ आमच्या ग्रंथपाल बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या, स्वभावाने काळजीखोर. त्या तेवढ्या म्हणाल्या, “पण पुस्तकं परत येतील ना?”

“न यायला काय झालं!” आम्ही सगळ्या एका सुरात.

हळदीकुंकू असं झालं म्हणता! जिन्यावर चपलांचा ढीग, कार्यवाह त्यातून वाट काढतायत. आमच्याकडे कुंकू सगळ्यांना लागतं. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पण मीच सगळ्यांत आधी कपाळ पुढे केलं. तिळगूळ झाला, उखाणे झाले, आणि प्रत्येकीच्या हातात एक पुस्तक. संध्याकाळी दोन्ही कपाटं रिकामी. आम्ही त्या रिकाम्या कपाटांकडे बघून इतक्या खूश झालो, जसं काही घरातल्या सगळ्या मुली उजवल्या.

पंधरा दिवस गेले. एक पुस्तक परत येईल तर शपथ.

मग मी आणि ताई निघालो घरोघर. पहिल्या घरी गेलो तर पुस्तक देव्हाऱ्यात. मुखपृष्ठावर हळद, कुंकू, वर एक फूल.

“वाचलंस का ग?” मी विचारलं.

“अहो काकू, वाणाचं आहे! लोळत वाचायचं नि पाय लागला तर?”

“बरं, मग परत दे, दुसरं देतो.”

ती पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मी तिच्या गळ्यातलं मागायला आले. “वाण परत करतात का काकू? आणि तुम्ही दिलेलं मागायला आलात?”

आतून तिच्या सासूबाई, “कोण आहे ग?”

“वाण मागे घ्यायला आल्यात!”

आम्ही पाणीसुद्धा न पिता उतरलो.

पुढे बाजारात आमची भाजीवाली, मूळची निफाडकडची. ती म्हणाली, “मावशी, ते तर मी नणंदेला दिलं, वाणातच. लय आवडलं तिला. आता मागायचं नाय बरं का, बरं दिसत नाय.” तिसऱ्या घरी पुस्तक शोकेसमध्ये, क्रॉकरीच्या शेजारी, कुलूप लावून.

ताई रस्त्यातच थांबल्या. “शब्द चुकला,” त्या म्हणाल्या. “वाण म्हणायला नको होतं. उसनं म्हणायला हवं होतं.”

“उसनं म्हटल्यावर कोण आलं असतं? आणि माझी उसनी दिलेली साखर अजून येतेय.”

वाचनालयात ग्रंथपाल बाई रिकाम्या कपाटांसमोर बसून होत्या. “साहेबांना मी काय दाखवू काकू? पुस्तकं गहाळ, असा शेरा मारतील. खोली तर गेलीच.”

घरी येऊन मी रागारागाने भांड्यांचं कपाट आवरायला काढलं. माझा राग तसाच निघतो. तर आत वाणात आलेल्या वाट्या, डब्या, करंडे. हे सगळं मी पुढच्या वर्षी दुसऱ्यांना देणार. नाकं मुरडू नका, तुम्हीही हेच करता. एकदा तर मी दिलेली चाळणी फिरत फिरत माझ्याच घरी आली होती. आणि डोक्यात उजेड पडला. वाण परत करत नाहीत, पण पुढे लुटतात की!

या वेळी निमंत्रण मी लिहिलं. शुद्धबिद्ध काही नाही. ‘बायांनो, रथसप्तमीला हळदीकुंकू संपतं. त्या दिवशी आपलं पुस्तक घेऊन वाचनालयात या आणि दुसरीला लुटा. वाचून या. दुसरीने विचारलं आत काय आहे, तर सांगता आलं पाहिजे, नाहीतर लाज जाईल.’

लाजेला बाया फार मानतात. पंचवटीत त्या आठवड्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायला कोणी नव्हतं म्हणे.

रथसप्तमीला खोली गच्च भरली. आणि भर गर्दीत कार्यवाह साहेबांना घेऊन वर आले. साहेबांनी कपाटं उघडली, पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली.

“पुस्तकं कुठे आहेत?”

“वाचकांकडे, साहेब,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

“मग सगळ्यांनी पुस्तकं टेबलावर ठेवा. मला तपासायचीत.”

एकही बाई हलली नाही. सगळ्यांनी पुस्तकं छातीशी धरली. देव्हाऱ्यावाली म्हणाली, “ठेवलं म्हणजे परत केल्यासारखं होतं. सणाच्या दिवशी नको.”

साहेबांनी कार्यवाहांकडे बघितलं, कार्यवाहांनी पंख्याकडे. तेवढ्यात मुख्याध्यापिका ताईंचा आवाज गरजला, “रांगेत उभ्या राहा! पुस्तक उजव्या हातात, पहिलं पान उघडून!” आणि काय सांगू, कार्यवाहसुद्धा रांगेत उभे राहिले.

साहेब एकेकीच्या हातातलं पुस्तक न घेता वाकून वाकून आतला शिक्का बघत गेले. देव्हाऱ्यावालीने त्यांना गोष्टच सांगायला घेतली. “ही बाई ना साहेब, नवऱ्याला काही न सांगता घर सोडते, आणि मग...”

“ए, शेवट सांगू नको ग!” मागून एक ओरडली. “ते मी आत्ताच घेणारे!”

“कान झाक मग! साहेबांना सांगतेय!”

साहेब शिक्का विसरून ऐकत उभे. एवढ्यात जिन्यावर धडधड. आमची भाजीवाली, तिच्यामागे निफाडहून नणंद, नणंदेची जाऊ आणि जावेची आई. “मावशी, जागा हाय का?”

जागा नव्हतीच. साहेब दारापर्यंत ढकलले गेले आणि तिथेच, भिंतीला कागद लावून, त्यांनी शेरा लिहिला. कार्यवाहांनी तो खाली जाऊन दोनदा वाचला, मग आम्हाला वाचून दाखवला. महिला विभागास जागा अपुरी पडते, शेजारची खोलीही जोडून द्यावी.

दुसऱ्या खोलीचं काय होईल ते कमिटी बघेल, आमची तर राहिली. आता हळदीकुंकू संपलं, बायका थांबतील चैत्रापर्यंत, असं मला वाटलं होतं. पुढच्याच सोमवारी शोकेसवाली दारात उभी. “काकू, माझं वाचून झालं. कोणाला लुटू?”

मी टेबलाकडे बोट केलं. तिथे दोघी आधीच वाट बघत बसल्या होत्या.