दालमिलमध्ये निवडलेलं औषध

नव्वदच्या आसपास जळगावात आमच्या कॉलनीत तीन मंडळं होती. एक गणपतीचं, दुसरं बायकांचं भजनी, आणि तिसरं आमचं, पाळीव प्राण्यांच्या आरोग्याबद्दल जनजागृती करणारं. पहिल्या दोन मंडळांमुळे कोणाला इजा झाल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्याचा मी सेक्रेटरी होतो. बँकेतला क्लार्क, अक्षर बरं आणि 'नाही' म्हणायची सवय नाही, एवढी पात्रता पुरली. अध्यक्ष दालमिलचे मालक होते. त्यांच्याकडे पांढरंशुभ्र पॉमेरियन होतं, आमच्याकडे गावठी कुत्रा. पॉमेरियन पाळणाऱ्याला लोक प्राणिप्रेमी म्हणतात आणि गावठी पाळणाऱ्याला विचारतात, चावत तर नाही ना? त्यामुळे कोण अध्यक्ष आणि कोण सेक्रेटरी यावर चर्चा करावी लागली नाही.

कुत्रा खरं तर माझा नव्हताच, आबांचा होता. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून जळगावला आणलं. कॉलनीत सगळे नोकरदार, बोलणं पुस्तकी. आबांना अहिराणीशिवाय दुसरं बोलता येत नव्हतं. ते बोलले की शेजारी कौतुकाने हसायचे आणि माझी मुलं 'काय म्हणालात?' असं विचारायची. दोन-चार महिन्यांत आबांनी माणसांशी बोलणं जवळजवळ सोडून दिलं. जे काय बोलायचे ते कुत्र्याशी. सकाळी ओट्यावर बसून त्याला गावातल्या विहिरीला पाणी किती असेल ते सांगायचे, मध्येच थांबून "काय रे, भूक लागनी का?" असं विचारायचे. त्यांना दुसरं कोणी नाही हे मला दिसत होतं. पण त्यांचं ऐकायचं काम कुत्र्याने अंगावर घेतलं होतं, म्हणून मी निवांत होतो.

एकदा मागच्या रिकाम्या प्लॉटच्या काटेरी तारेत कुत्र्याचा मागचा पाय चिरला. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम धुतली आणि अँटिबायोटिकच्या सात दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. आबा भाकरीच्या तुकड्याला तूप लावून त्यात कॅप्सूल दडवायचे आणि ती वेळेवर भरवायचे. तिसऱ्या दिवशी जखम सुकली. मी म्हणालो, "आबा, बस झालं आता. उरलेल्या ठेवून द्या, पुढे लागतील." आबांनी त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. घरात औषधपाण्याचं शहाणपण माझ्याकडे होतं, कारण मी ग्रॅज्युएट होतो.

महिन्याभराने जखम पुन्हा चिघळली. डब्यातल्या कॅप्सूल दोन दिवस दिल्या, पुन्हा सुकली, पुन्हा बंद. कधी तर कॅप्सूल फोडून आतली पूड हळदीसारखी जखमेवर दाबायची. डबा संपला की मेडिकलमधून चार सुट्या आणायच्या. वर्षभर असंच चाललं आणि दर वेळी माझाच हुकूम असायचा.

आणि त्याच वर्षी आमचं मंडळ निघालं. याच डॉक्टरांनी कॉलनीत एक व्याख्यान दिलं होतं. तरुण माणूस, तळमळीने बोलला. औषध अर्धवट दिलं की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, पुढची प्रजा त्या चिवटांचीच, आणि मग ती त्या औषधाला दाद देत नाही. आज कुत्र्याचं, उद्या तुमचं, असं म्हणाला. सभा गंभीर झाली. अध्यक्ष बरेच दिवस एखाद्या चांगल्या कार्याच्या शोधात होते, ते जागच्या जागी सापडलं. पुढच्या रविवारी नारळ फुटला, डॉक्टरांना शाल मिळाली आणि मला पत्रक लिहायचं काम मिळालं.

पत्रक मी फार मन लावून लिहिलं. 'जखम सुकली म्हणून औषध थांबवू नका. उरलेलं औषध साठवू नका. मुक्या जिवावर प्रयोग करू नका.' प्रुफं तपासत मी ओट्यावर बसलो होतो, तेव्हा आबा शेजारीच कुत्र्याचा पाय मांडीवर घेऊन जखमेवर कॅप्सूल फोडत होते. त्यांची सावली कागदावर पडत होती. मी त्यांना थोडं सरकून बसायला सांगितलं.

बायको दारातून हे पाहत होती. म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान."

"ते पत्रक लोकांसाठी आहे," मी म्हणालो. आणि मला ते उत्तर बरोबर वाटलं, हेच आज मला सगळ्यात जास्त टोचतं.

मग डॉक्टरांनी एक चांगली सूचना केली. घरोघरी उरलेल्या गोळ्या पडून असतात, त्या जमा करून नष्ट करू. आम्ही देवळात, किराणा दुकानात आणि पिठाच्या गिरणीवर डबे ठेवले. आमच्याकडे लोक फुटकी बादलीसुद्धा टाकत नाहीत, तिच्यात तुळस लावतात. पण 'दान' म्हटल्यावर त्यांनी कपाटं रिकामी केली. डबे भरून वाहिले. सगळा माल गोण्यांतून अध्यक्षांच्या दालमिलमध्ये गेला. आमचा बिस्किटाचा डबा तेवढा मी घरीच ठेवला. वेळेला लागला तर!

आता हे सगळं जाळायचं ठरलं होतं. पण गोण्या पाहून कार्यकारिणीचा हात उचलेना. अध्यक्ष म्हणाले, "औषध जाळायचं? अन्न आणि औषध वाया घालवणं पाप आहे." डॉक्टर तेव्हा लसीकरणासाठी महिनाभर धुळ्याकडे गेले होते. ते नसताना सभा घेण्यात सोय होती, आणि आम्ही ती घेतली. जमा झालेलं औषध खेड्यातल्या गरीब लोकांच्या मुक्या प्राण्यांना मोफत वाटावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. तो मी वळणदार अक्षरात लिहून काढला. अर्धवट औषध देऊ नका म्हणून काढलेलं मंडळ लोकांचं अर्धवट औषध गावोगाव पोचवायला निघालं होतं. टेबलाभोवतीच्या एकालाही ते दिसलं नाही. मी पत्रकाचा लेखक, मलाही दिसलं नाही.

पुष्कळशा कॅप्सूल सुट्या होत्या, पाकिटांवरची नावं पुसली होती. पण दालमिलला निवडायचं काय अवघड? डाळ निवडणाऱ्या बायका सुपं घेऊन बसल्या आणि त्यांनी दोन दिवसांत सगळं औषध रंगावरून निवडलं. खडे काढावेत तशा फुटक्या कॅप्सूल काढल्या. पाखडून पूड उडवली. काम इतकं सफाईचं की बघत राहावं. मुकादम विचारायला आला, "शेठ, पिवळ्यात दोन प्रकार निघताहेत, फिका आणि गडद. एकत्र करू का?" अध्यक्षांनी दोन्ही हातावर घेऊन पाहिले आणि म्हणाले, "कर. डाळीत चालतं."

पिशव्यांवर चिठ्ठ्या मी लिहिल्या. पिवळ्या जखमेला, लाल-काळ्या पोटाला, पांढऱ्या तापाला. लाल-काळी कॅप्सूल मला एकदा पोट बिघडल्यावर मिळाली होती, एवढाच त्याला आधार होता. पारोळ्याच्या पुढे एका गावात शिबिर भरलं. कुत्री आली, शेळ्या आल्या, एक माणूस पोपट घेऊन आला. प्रत्येकाला चार-चार कॅप्सूल आणि एक पत्रक. एका बाईने विचारलं, "हाई मानसले चालस का?" अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो, माणसाचंच आहे!" त्याबरोबर रांग दुप्पट झाली.

येताना मी जखमेवरच्या पिवळ्या कॅप्सूलची एक पिशवी घरी आणली. कुत्र्याचा पाय या वेळी वांग्यासारखा सुजला होता. आबांनी त्या कॅप्सूल इमानाने भरवल्या. पायाला घाण वास यायला लागला, कुत्र्याने खाणं सोडलं. आबा त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहायचे. एका सकाळी मला म्हणाले, "भाऊ, बरा व्हई ना रे हाऊ?" माझ्याशी ते बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलले होते. मी हो म्हणालो. कुत्रा गेला तर हा माणूस या घरात कोणाशी बोलेल, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

डॉक्टर परत आल्या दिवशीच कुत्र्याला रिक्षात घालून नेलं. त्यांनी पू तपासायला माणसांच्या लॅबमध्ये पाठवला. लॅबवाला कुत्र्याचं घेईना, म्हणून रुग्णाच्या नावापुढे आबांचं नाव लिहिलं. वय मात्र डॉक्टरांनी खरं घातलं, सहा वर्षं. तीन दिवसांनी त्यांनी मला लॅबमधली काचेची बशी दाखवली. तिच्यात जंतू वाढवले होते आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या होत्या. जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती जंतू मरून मोकळी जागा दिसते. सहांपैकी पाच टिकल्यांना जंतू खेटून बसले होते.

"किती दिवस काय काय दिलंत?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. पिवळ्या कॅप्सूलचंही सांगितलं. मग शिबिराचं सांगावं लागलं. त्यांनी बशी बाजूला ठेवली. "किती लोकांना वाटल्यात?" म्हणाले. मोजलं नव्हतं. चिवट जंतू गावोगाव पोचवलेत तुम्ही, असं काहीतरी ते बोलतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते फक्त म्हणाले, पाय काढावा लागेल, उरलेलं एक औषध चौदा दिवस टोचावं लागेल, आणि एकही दिवस चुकला तर कुत्रा गेला.

आबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "पाय गया तं जाऊ दे. तो ऱ्हायना पाहिजे."

चौदा दिवस आबांनी त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. मी म्हणालो, मी नेतो. ते म्हणाले, "नको." चौदाव्या दिवशी कुत्रा तीन पायांवर उभा राहिला आणि पडला आणि पुन्हा उभा राहिला. आबांना रडताना मी आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशी.

ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली आणि त्यांना ती वार्षिक कार्यक्रमासाठी फार आवडली. तीन पायांचा कुत्रा स्टेजवर पॉमेरियनशेजारी बसवला. माझ्या पत्रकाला उत्कृष्ट लेखनाचं बक्षीस होतं. अध्यक्षांनी आबांच्या हातात माईक दिला. "बाबा, सांगा लोकांना, हे कसं घडलं?"

आबांना विचारलं होतं, म्हणून त्यांनी सांगितलं. हळू, नीट, कुत्र्याला सांगायचे तसं.

"तीन दिन गोया दिन्ह्यात. जखम सुकनी. मंग मना पोऱ्यानी सांगं, बस व्हयनं, ठेई द्या. मी ठेई दिन्ह्यात. आसं वरीसभर चालनं. मंग मिलमाईन पिवया गोया उन्यात. त्याबी दिन्ह्यात. मंग पाय कापना पडना." माझ्या हातातल्या पत्रकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आनि हाई पत्रक मना पोऱ्यानीच लिखेल शे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष माईक घेऊन म्हणाले, "पाहा, किती साध्या भाषेत बोलले! धन्य ते वडील आणि धन्य ते चिरंजीव!" माझ्या अंगावर शाल पडली. मी मान खाली घातली होती, ती लोकांना नम्रता वाटली. मला लाज वाटत होती, आणि टाळ्या बऱ्याही वाटत होत्या, हे आता लपवून काय करू? माईक माझ्यासमोर आला होता. मी 'आभारी आहे' म्हणालो आणि खाली उतरलो. तिसऱ्या रांगेत डॉक्टर हात मांडीवर ठेवून बसले होते.

घरी येताना रिक्षात कुत्रा आबांच्या मांडीवर होता. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सांगं ते लोकस्ले समजनं का?"

"समजलं, आबा."

"मंग त्यास्नी टाया काब वाजाड्यात?"