भागाबाईचा चिंचोका

भागाबाई गेल्याची बातमी तिच्या जावयाने सायकलवरून आणली, तेव्हा बालमंदिराच्या दारात मुले एकेक करून मडक्यात चिंचोके टाकत होती. "काल दुपारले ताप उना, आज सकायले गयी," एवढेच तो म्हणाला. पोळा चार दिवसांवर होता. मुलांना बैल करता यावेत म्हणून तिने दोन दिवस आधीच घंगाळात काळी माती भिजत घातली होती, वर ओले फडके टाकून ठेवले होते. मी शाळा सोडली नाही. ते तिला आवडले नसते. मुलांनी त्याच मातीचे बैल केले... शिंगे नेहमीप्रमाणे कानांपेक्षा लहान.

सुधा आणि अरविंद, तुम्ही नैरोबीला असता. तुम्ही भागाबाईला पाहिलेले नाही. हा मजकूर वर्तमानपत्राच्या पुरवणीत आला की कात्रण पाठवीन. तुमचे आजोबा नोकरीतून निवृत्त झाले आणि आम्ही तापीकाठच्या या गावी आलो, त्याला अकरा वर्षे झाली. माझे मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी शिक्षण पुण्यात झाले होते आणि लहान मुलांच्या शिक्षणाची चार पुस्तके मी बारकाईने वाचली होती. गावातल्या जिनाच्या, म्हणजे कापसाच्या गिरणीच्या, शेठजींनी सरकी ठेवायची एक खोली दिली. अट एकच, आणि ती त्यांनी हसत घातली : "दिवाळीपर्यंत पोरं आली तर बालमंदिर, बाई. नाही आली तर सरकी." मुलांना घरोघरी जाऊन आणायला मी भागाबाईला नेमले. ती पूर्वी जिनात कापूस निवडायची. काळी, उंच, आवाज नदीपलीकडे पोचेल असा. रोज सकाळी एक मूल कडेवर, बाकीची पदराला धरून, अशी ती गल्लीतून यायची. मला ती पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणे आणि पहिल्या दिवसापासूनच माझ्या चुका दाखवी.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र तिच्या नजरेतून महिनाभर सुटली, कारण मी ती करायचे तेव्हा ती राहिलेली मुले आणायला गेलेली असे. मुले रांगेत बसली की मी प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावून मोठ्याने मोजायचे. मुलांना आकडेही आपोआप येतील, असा माझा हिशेब. भाद्रपदात हिवतापाची साथ आली, तीन मुले आजारी पडली आणि गावात बोलवा झाली : बाई पोरे मोजते, म्हणून नजर लागते. मग एके सकाळी दारात भागाबाई एकटीच उभी. कडेवरही कुणी नाही.

"बाई, तुम्ही पोरेसले मोजतस का?"

मी हो म्हटले.

"बोट लाईसन?"

"हो."

"मंग आते मलेच मोजा," ती म्हणाली आणि खाली बसली.

मी दुपारी मुलांच्या आयांना गोळा केले आणि हिवताप डासांमुळे येतो, मोजण्यामुळे नाही, हे नीट मुद्देसूद समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी दोन मुले आली, त्यांतला एक शेठजींचा नातू, कारण त्याला घरी कुणी सांभाळायला नव्हते. दिवाळीला पाच आठवडे होते. शेठजींचा मुनीम येऊन खोलीची लांबीरुंदी पाहून गेला.

भागाबाई म्हणाली, "तुम्हनं खरं शे, बाई. पन खरं सांगीसन पोरे येतस का?" संध्याकाळी तिने घरून एक अरुंद तोंडाचे मडके आणि ओंजळभर चिंचोके आणले. मग गल्लीगल्लीतून तिचा तो आवाज : "आते बाई पोरेसले मोजत नही वं माय, चिंचोके मोजस!" मुलाने यायचे, एक चिंचोका मडक्यात टाकायचा, सगळी बसली की मी चिंचोके मोजायचे. मला ते पटले नव्हते, पण चिंचोक्यांना नजर लागत नाही यावर साऱ्या गावाचे एकमत झाले. शिवाय चिंचोका मडक्याच्या तळाशी पडला की टण् वाजायचा, आणि त्या आवाजासाठी मुले धावत यायची. दिवाळीच्या आधी शेठजी स्वतः दारात उभे राहिले, नातवाने दिलेला चिंचोका टाकला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "सरकीला जागा मिळेल दुसरीकडे."

त्यानंतर मात्र एक नवीनच पंचाईत झाली. मी चेहरे पाहून हजेरीपटावर गुपचूप खुणा करायचे : सव्वीस. चिंचोके निघायचे सत्तावीस. मुलांचे खिसे तपासले, शेठजींच्या नातवाला दम दिला. आठवडाभराने भागाबाई न राहवून म्हणाली, "त्याले काब्रं बोलतस? तो चिंचोका मन्हा शे. मी बी रोज येस ना?"

"पण हा हिशेब मुलांचा आहे, भागाबाई. तीन ते सहा वर्षांच्या."

"मंग हिशेब एकनी चुकी ऱ्हायना ते चुकू द्या," ती म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

मी चुकू दिला. अकरा वर्षे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने अंगणातल्या कडुलिंबाला झोके बांधले, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेनंतर ती चार पायांवर घोडा झाली आणि महिनाभर मुलांनी तिला दाणापाणी केले, लढाईच्या दिवसांत रेशनचा गूळ मिळेना तेव्हा नदीच्या वाळूतल्या वाड्यांवरून तिने डोक्यावर टरबुजे आणली. त्या प्रत्येक दिवशी चिंचोका एक जास्त निघाला. हजेरीपट मी दर महिन्याला तपासते. त्यात खाडाखोड नाही. मडक्याचा मेळ मात्र कधी बसला नाही.

तो बसला त्या दिवशी, पोळ्याच्या आधी. जावई सायकल घेऊन परत गेला, मी मडके उपडे केले. एकतीस मुले, एकतीस चिंचोके. मी पुन्हा मोजले...

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आले आणि रिकाम्या मडक्यात एक चिंचोका टाकला. टण् वाजले. एक मुलगी लवकर आली होती, तिने ऐकले.

"बाई, तो कोना शे?"

"माझा," मी म्हटले. "मीही रोज येतेच ना?"

तिला ते रास्त वाटले. तिने आपला टाकला आणि बैल वाळले का ते पाहायला आत गेली.