खिडकीतून नेलेले पाहुणे

चंद्रपूरच्या आमच्या घराची मागची भिंत आमची नव्हती. ती गोंडराजांच्या परकोटाची, शहराभोवतीच्या तटाची होती. बाकीच्या तीन बाबांनी बांधल्या. माझ्या इंग्रजी शाळेच्या पुस्तकात लंडनचे पूल होते, परकोट नव्हता. तो आम्हाला बाबांनी शिकवला. बाहेरून येणारे लोक मोठे दरवाजे पाहून परत जातात, खिडक्या कोणी पाहत नाही, याचं बाबांना वाईट वाटे. खिडकी म्हणजे परकोटातला लहान दरवाजा. आमच्या घराजवळ एक होती. मोहल्ल्यातलं मयत तिच्यातूनच नदीवर न्यायचे, म्हणून लोक तिला मसाणखिडकी म्हणत. बाबा नुसतं खिडकी म्हणत. "मीही एक दिवस इथूनच जाईन," असंही हसत सांगत.

ताईला पाहायला मूल गावाहून पाहुणे आले तेव्हा मी नववीत होते. त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आले होते. ताई सव्वीस वर्षांची होती, आणि हे स्थळ तिला मनापासून हवं होतं. मुलगा शिक्षक होता. तिच्याशी बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं होतं, आधीच्या दोघांनी आईकडे पाहिलं होतं.

पोहे झाले. मुलाची आई ताईला म्हणाली, "साडी छान शोभून राह्यली तुले." बोलणी जुळत आली होती. तेवढ्यात बाबा उठले. "चला, तुम्हाले आमची खिडकी दाखवतो."

आईनं डोळ्यांनी खुणावलं. बाबांनी पाहिलं, पण मानलं नाही. पाहुणेही आमच्यासारखेच, छप्पन सालापासून बौद्ध. शकुन-अपशकुन तेव्हाच सोडलेले. त्यांच्यापासून काय लपवायचं, असं बाबांना वाटलं असणार.

खिडकीशी पोचलो तेव्हा समोरच्या ओट्यावर शेजारीण चार बायकांसोबत तांदूळ निवडत होती. बाबा कमानीचे दगड दाखवत पुढे निघाले, मुलगा त्यांच्या मागे वाकून आत शिरला. शेजारणीनं सूप मांडीवर टेकवलं.

"काऊन हो भाऊ, जित्या माणसाईले इकडून नेऊन राह्यले? नवरदेवाले पोचवूनच येता का नदीवर?"

ओट्यावरच्या सगळ्या हसल्या. मुलाची आई उंबऱ्याशी थांबली. "माह्या गुडघ्याले चढ नाई झेपत," ती म्हणाली. तिथे चढ नव्हता. तिनं मुलाला हाक मारून परत बोलावलं, आणि चहाला न थांबता ते गेले.

आठवड्यानं निरोप आला : मुलीचे दात पुढे आहेत. खिडकीचं नाव त्यांनी काढलं नाही. काढताच येत नव्हतं त्यांना. ताईचे दात मात्र मोहल्लाभर झाले. ती नळावर गेली की कोणीतरी म्हणे, "तोंड झाक वो बाई, खिडकी उघडी राह्यली." त्यानंतर ताई ओठ मिटून हसू लागली, मग हसणंच थांबलं. बाबांशी ती कामापुरतं बोले. बाबांनी पुन्हा कोणाला खिडकी दाखवली नाही.

चार-पाच वर्षांनी बाबा गेले, ऐन मे महिन्यात. माणसांनी त्यांना उचललं आणि नेहमीच्या वाटेनं खिडकीकडे वळली. ताई दारात आली.

"तिकडून नाई. मोठ्या दरवाज्यानं न्या."

"फेरा पडते बाई. ऊन पाह्य किती हाये."

"पडू द्या. त्या खिडकीतून माणसं न्याची लई हौस होती त्याईले. फिटली ती."

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरला. तिरडी उलट्या दिशेला वळली.

दुपारी माणसं परतली. ताईनं एकेकाला पाणी दिलं. शेवटच्याला विचारलं, "दरवाज्यात गर्दी होती का भाऊ?"

"होती ना बाई. कोळशाचे ट्रक अडकले होते. लई वेळ उन्हात खाली ठेवा लागलं त्याईले."

ताईनं मान हलवली. त्याचा पेला रिकामा झाला होता. तो तिनं पुन्हा भरून दिला.