काकीच्या डब्यातली गजक

गाव सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर गजकचा डबा होता. बाकीचं सामान टेम्पोत मागे. डबा मात्र माझ्याकडे, कारण दादी म्हणाली होती, "अभी खोलना मत. वहाँ ठंड पड़े, तब खाना." मुरैनाच्या बाजूची थंडी, तोंडातून वाफ निघत होती, आणि मी त्या वाफेची बिडी ओढत ताऊंची, म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावाची, नक्कल करत होतो. एरवी मम्मीला ती नक्कल फार आवडायची. त्या दिवशी ती हसली नाही. दादी दारात उभी होती आणि मम्मी रस्ता वळेपर्यंत मान मागे वळवून बसली होती.

गजक म्हणजे तिळगुळाचीच नातेवाईक, पण नखरेवाली. गुळाचा कडक पाक करायचा, भिंतीतल्या खिळ्याला अडकवून तो ओढत राहायचा, पांढुरका झाला की भाजलेल्या तिळांवर टाकून कुटायचा आणि पातळ लाटायचा. दातांखाली चुरचुरली नाही तर ती गजक नाही.

उरणजवळ कुसुमकाकीच्या घरामागे आम्हाला खोली मिळाली. पप्पा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर लागले. मी डबा सांभाळत थंडीची वाट बघत बसलो. थंडी काही आली नाही, शेवटी मीच उघडला. आतल्या सगळ्या गजका एकमेकींच्या गळ्यात पडून एक झाल्या होत्या. बाहेर काढली तर चपलेसारखी वाकली. गाव सोडताना न रडलेली मम्मी तेव्हा रडली. म्हणाली, "ये हवा किसी काम की नहीं."

हे वाक्य मग आमच्या घरात कायमचं राहायला आलं. काडी पेटली नाही, पापड लोळागोळा झाला, मिठाला पाणी सुटलं, काहीही झालं तरी तेच. मी तिच्या आधीच तिच्या आवाजात म्हणून टाकायचो आणि लाटणं चुकवायचो.

नकला हा माझा जुना धंदा. मराठी मी नकलेतच शिकलो. शाळेत पहिल्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांचं प्रार्थनेनंतरचं भाषण, एक शब्द न कळता, खाकरण्यासकट म्हणून दाखवलं आणि मला मित्र मिळाले. त्यामुळे माझ्या मराठीत आजही बरेच जण राहतात. रागावलो की पीटीचे सर बोलतात, भूक लागली की कुसुमकाकी.

काकीचा आणि आमचा व्यवहार डब्यावरून सुरू झाला. आम्ही आल्या आल्या तिने स्टीलचा एक डबा पाठवला, झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, 'सौ. कुसुम'. आत परतलेला जवळा, म्हणजे बारकी सुकी कोळंबी. आम्ही कांदासुद्धा वार बघून खाणारे. मम्मीने झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावून थेट अंगणात गेली. पप्पांनी तो जवळा दाराबाहेर उभं राहून, "अन्न टाकायचं नसतं" अशा तोंडाने, पूर्ण संपवला. मम्मीने डबा राखेने घासला, उन्हात ठेवला, परत घासला आणि साखर भरून संध्याकाळच्या आत परत दिला. दुसऱ्याचा डबा घरात रात्र काढता कामा नये आणि रिकामा जाता कामा नये, हा तिचा कायदा. काकी काय ते समजली. पुढच्या वेळी वालाचं बिरडं आलं. तोच डबा इतकी वर्षं अंगण ओलांडून जातोय-येतोय. पण मम्मी त्यात आपण खायचं काही कधी ठेवायची नाही. बिरडं लगेच आपल्या पातेल्यात काढायची आणि डबा घासायला टाकायची. म्हणायची, "बास आती है." वास कसला, तो जवळा केव्हाच पप्पांबरोबर नाशिक-इंदूर फिरून आला होता.

दर हिवाळ्यात ताऊ गजक घेऊन यायचे. यंदा आले नाहीत. दादी न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. फोनवर ताऊ म्हणाले, छोटी बहू आली तर बरं होईल. छोटी बहू म्हणजे मम्मी. पप्पांनी तिचं तिकीट काढलं. मोबाइल मीच बघितला, एका बाजूचंच होतं.

"और वापसी का?" मी विचारलं.

मम्मी काही करत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "देखते हैं."

पप्पा म्हणाले, "घर तो वहीं है ना."

मी कोणाचीही नक्कल करतो, पण ते 'देखते हैं' मला अजून जमलेलं नाही. आरशासमोर करून बघितलं. त्यात हो पण नाही, नाही पण नाही. कामावर, कंटेनर यार्डाच्या गेटवर, मी गाड्यांचे पास फाडतो. त्या आठवड्यात दोनदा एकाच ट्रेलरला दोन पास दिले. ड्रायव्हर म्हणाला, "भाई, एक ही लाया हूँ."

मग मी ठरवलं, गजक घरी करायची. इथे. हसू नका, माझा हिशोब साधा होता. ही हवा कामाची नाही असा मम्मीचा दावा. तो खोटा पाडला तर जायचं तर ती जाईलच, पण तिकडेच राहायला एक कारण कमी पडेल. एवढ्या मोठ्या माणसाने गुळावर भरवसा ठेवावा का, हे मला विचारू नका. दुसरं काही हातात नव्हतं.

पहिली खेप दुपारी, साध्या गुळाची. पाक चिखलासारखा बसला. वाणी म्हणाला, चिक्कीचा गूळ घे. दुसरी खेप चिक्कीच्या गुळाची, संध्याकाळी. कुटेपर्यंत ठीक होती, ताटात घामाघूम झाली. फ्रिजमध्ये ठेवली तर अजून रडायला लागली. मम्मी दारात उभी राहून बघत होती. तिने ते वाक्य म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

मग गेटवर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सकाळी पास फाडला की टर्रकन आवाज येतो. दुपारनंतर तोच कागद रुमालासारखा मऊ, आवाजच नाही. आणि आमच्या भूगोलाच्या बाई माझ्या तोंडून आपोआप बोलायला लागल्या, नाकातून: "मुलांनो, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे. मागच्या बाकावर काय चाललंय?" मागच्या बाकावर तेव्हा बाईंचीच नक्कल चालली होती. परीक्षेत मी ते उलटं लिहिलं होतं.

म्हणजे हवा कोरडी असते ती सकाळीच, तर वेळ तेवढीच. ऊन वर आल्यापासून खारा सुटेपर्यंत.

रविवारी मी समुद्राकडची खिडकी बंद केली, पुढचं दार सताड उघडं टाकलं. चौकटीतल्या खिळ्यावरचं लिंबू-मिरची काढून खिळा धुतला. पाक थंड पाण्यात टाकला तर टण्ण वाजला. हाताला तूप लावून ओढायला घेतला तर तो एवढा गरम की मी ताऊंच्या सगळ्या शिव्या त्यांच्याच आवाजात दिल्या. मम्मी मागून आली, मला ढकललं, पदर खोचला आणि म्हणाली, "ऐसे नहीं. कलाई से." ती गुळाची दोरी खिळ्यावर टाकायची, ओढायची, परत टाकायची, आणि तो तांबडा गूळ तिच्या हातात पांढुरका होत गेला. ती लग्नाआधी दर थंडीत माहेरी हे करायची, हे मला माहीतच नव्हतं.

मग कुटणं. पाट्यावर दोन बत्ते, एक तिचा, एक माझा, धपाधप. काकी हातात झाडू घेऊन धावत आली.

"काय रं, कोनाला कुटतस सकाली सकाली?"

"मम्मीला थांबवतोय काकी," मी म्हटलं.

गंमत म्हणून बोललो होतो. मम्मीचा बत्ता एकदा चुकून पाट्याच्या कडेवर बसला.

काकीने तुकडा उचलून तोंडात टाकला. चुर्र असा आवाज झाला. मम्मी तिच्या तोंडाकडेच बघत होती.

"चांगली झाली गो," काकी म्हणाली. "आता डब्यात भर बिगी बिगी, खारा सुटल."

मम्मीने कोणत्या डब्यात भरली, ते मी बघितलं नाही. मी खिळ्यावरचा गूळ खरवडत होतो.

पनवेल स्टेशनवर गाडी आली तेव्हा मी सामान बर्थखाली सरकवत होतो. पिशवीत हाताला स्टील लागलं. झाकणावरून बोट फिरवलं, टिंबंटिंबं. न बघता वाचता आलं.

"काकीचा डबा घेतलास?"

"हाँ. तो? उसका ढक्कन टाइट है."

"अगं, परत द्यायला लागेल."

मम्मी खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय." अगदी काकीसारखं, हनुवटी वर उडवून. आयुष्यात तिने कोणाची नक्कल केली नव्हती. मी खाली उतरलो आणि गाडी गेली.

त्याला आता बरेच दिवस झाले. ज्या डब्यातून जवळा आला होता, त्याच डब्यातली गजक दादीने खाल्ली. दात नाहीत, म्हणून चोखून. दादी धरून धरून चार पावलं चालते. मम्मीचं परतीचं तिकीट अजून निघालेलं नाही. मी रोज फोन करतो आणि तेवढंच सोडून सगळं विचारतो. भात मीच लावतो, तो भूगोलाच्या बाईंच्या नकाशातल्या खाडीसारखा पातळ होतो.

माझ्यासारखी आईबापांनी लहानपणी उचलून आणलेली पोरं इथे पुष्कळ आहेत, कोण गोरखपूरची, कोण छपऱ्याची. त्यांना लोक विचारतात, घर कुठलं? मी हल्ली उत्तर देत नाही. मला वाटतं, जिथल्या कोणाचा तरी डबा आपल्याकडे राहिलाय, ते घर. पण हे मला वाटतं. मम्मीला वाटतं का, ते विचारायची हिंमत नाही.

काल काकीला नवा डबा आणून दिला. म्हटलं, फळीवर जागा रिकामी दिसते. तिने झाकण उघडून बघितलं, परत लावलं आणि माझ्याच हातात दिला.

"नको. माझाच पायजे. सांग तुज्या मम्मीला. आनि रिकामा न्हाय चालायचा."

मी फोनवर सांगितलं, काकीच्याच आवाजात, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. मला वाटलं, आता ते 'देखते हैं' येणार.

मम्मी म्हणाली, "आगरे का पेठा खाती है क्या वो? या सिर्फ़ गजक ले आऊँ?"