कोपरच्या फ्रीजचा आलेख

जगात जे काही घडून गेलंय ते सगळं शिळं, असं मानणारा एक माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. सकाळचा पेपर तो वाचत नाही, कारण त्यातल्या बातम्या कालच्या. पाऊस येणार का हे बघायला माजिवड्याच्या आमच्या ऑफिसची खिडकी उघडून हात बाहेर काढतो. नाक्यावरच्या वडेवाल्याशी त्याचं रोज वाजतं. "आत्ताच काढला साहेब," असं वडेवाला म्हणाला की हा विचारणार, "आत्ताच म्हणजे कधी?" आणि कढईतून निघणारा वडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खिशात हात घालणार नाही. त्याला "कसा आहेस?" विचारायचीही सोय नाही. "सकाळचं सांगू की आत्ताचं?" आणि ताज्याचा एवढा सोस असलेला हा माणूस स्वतःचा डबा मात्र पार गार झाल्यावर, संध्याकाळच्या चहाच्या आसपास, एका हाताने कीबोर्ड बडवत खातो. कधी कधी तेही विसरतो.

हे खूळ त्याच्या आईपासून सुरू झालं असावं, असा माझा कयास आहे. वडील गेल्यापासून काकू कोपरला एकट्या राहतात. "इकडे ये" म्हणून हा सांगून थकला. त्यांचं म्हणणं एकच, "माझ्याकडे खाडीचा वारा येतो, तुझ्याकडे एसीचं बिल येतं." फोनवर काहीही विचारा, काकू मजेत. गुडघा सुजला तेव्हा मजेत, जिन्यात घसरल्या तेव्हाही मजेत. "हे साठवून ठेवलेलं उत्तर आहे गं," तो मला म्हणायचा. "प्रश्न संपायच्या आत येतं." आईला काही झालं तर आपल्याला सगळ्यांत शेवटी कळेल, ही भीती त्याच्या मनात घर करून होती. तेवढ्या एका विषयावर तो विनोद करत नसे.

त्यातच मानपाड्याच्या एका शीतगृहाच्या मालकाचं काम आमच्याकडे आलं. गोदामाचं दार उघडलं, आतलं तापमान चढलं, की त्याच क्षणी पडद्यावर दिसायला हवं. दारावरचे सेन्सर निरोप पाठवत, ते निरोप एका रांगेत येऊन उभे राहत, इथवर ठीक होतं. पण आमचं आलेख काढणारं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं. ते दर तासाला उठून साठवलेल्या आकड्यांमध्ये डोकावणार आणि चित्र काढून पुन्हा झोपणार. इकडे रांगेतले निरोप दारावरची बेल वाजवतायत आणि घरमालक घोरतोय! या दोघांची गाठ घालून देणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याने लिहायला घेतला, आलेला निरोप उचलून लगेच पडद्याच्या हातात देणारा. आता तो तपासायचा कशावर? गोदाम तर अजून रिकामं होतं. मग एका रविवारी त्याने कोपरला जाऊन आईच्या फ्रीजला सेन्सर लावला.

सोमवारी पडद्यावरची रेघ पहिल्यांदा टुणकन उडाली तेव्हा आम्ही सगळे त्याच्या खुर्चीमागे गोळा झालो. त्याने फोन स्पीकरवर टाकला. "आई, आत्ता फ्रीज उघडलास?"

"हो रे, लिंबू काढलं. का, तिथे वास आला?"

त्या दिवसापासून आम्हाला सगळ्यांना काकूंच्या फ्रीजचा नाद लागला. रेघेला नेहमी जोडीने उंचवटे येत. कारण काकू फ्रीज उघडत, काय हवं होतं ते विसरत, दार लावत आणि आठवलं की पुन्हा उघडत. "दही असणार," कोणी म्हणे. "छे, कोथिंबीर," मी म्हणे. तो मात्र नुसता बघत बसायचा, चेहऱ्यावर असं समाधान की आई जणू समोर बसून भाजी निवडतेय. त्याचे कोपरचे फोन हळूहळू कमी झाले. पुढे बंदच झाले. रेघ दिसत होती ना!

मालकाला काम दाखवायच्या आठवड्यात रेघ फारच सुरेख झाली. एकेक सुटा उंचवटा, सारख्या उंचीचा. आमचे साहेब खूश होऊन म्हणाले, "मानपाड्याचे मालक आलेत, त्यांना हाच आलेख दाखव." मालक समोर बसलेले, आणि हा पडद्याकडे बघत पांढराफटक पडला.

"ही आई नाही," तो म्हणाला. आणि बॅगही न घेता निघाला.

त्याची बॅग घेऊन मीही रिक्षात बसले. काळजी होतीच, पण खोटं कशाला बोलू, उत्सुकता त्याहून जास्त होती. कोपरला दार उघडंच होतं. शेजारच्या मावशी, खाडीवर मासेमारी करणाऱ्या जुन्या घरातल्या, फ्रीजचं दार धरून उभ्या.

"आई कुठाय?"

"कल्यानला, तुजे मावशीकडं. मोतीबिंदूचं आपरेशन झालं," त्या म्हणाल्या. "मना सांगून गेली, फ्रीज उगरायचा न बंद करायचा. तुला काल्जी नको म्हनून."

तो स्वयंपाकघरातच खाली बसला आणि फोन लावला. "आई, सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू?" काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "तू फोन करायचा सोडलास. फ्रीजला सांगू?"

शेजारच्या मावशींनी फ्रीज बंद केला.

शीतगृहाचं काम यथावकाश झालं. कोपरचा सेन्सर काढला, आणि आता तो रोज फोन करतो, एकदा नव्हे दोनदा. पण काकूंनी एक अट घातली. बघायचंच असेल तर दोन्हीकडून. त्यामुळे त्याच्या डब्याच्या झाकणावर आता एक बटणाएवढा सेन्सर आहे आणि कोपरच्या टॅबवर एक रेघ. बिचारा आठवडाभर वेळेवर जेवला. मग मीटिंगा सुरू झाल्या. काकूंच्या जिवाला घोर नको म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्याचा डबा मी उघडते आणि लावून ठेवते.

परवा झाकण लावलं आणि माझाच फोन वाजला.

"अगं, मीटिंगमध्ये आहे का तो?" काकू विचारत होत्या. "तो जेवतो तेव्हा झाकण तासभर उघडं असतं. तू लगेच लावतेस." त्या हसल्या. "असू दे. तू जेवलीस का?"

"हो काकू, जेवले ना," मी प्रश्न संपायच्या आत म्हणाले.

"मग आता खरंच जेव."

माझ्या घरून असं विचारणारं आता कोणी उरलेलं नाही. मी माझा डबा उघडला. त्याला सेन्सर नाही, तरीही झाकण बराच वेळ उघडं ठेवलं.